मॉरिसचा मुका पंप

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जहाज सोडून नऊ वर्षं झाली, तरी रोजची नोंद लिहायची खोड जात नाही. तेव्हा इंजिनाचं तापमान लिहायचो, आता स्वतःच्या कटकटी लिहितो. पण आज लिहिण्यासारखं काम आलंय. गोदाकाकूंची मॉरिस शेडमध्ये आली. आली म्हणजे टेम्पोला दोर बांधून ओढत आणली, आणि नाचणे गावाच्या चढावर दोर तुटला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

गोदाकाकू म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या पत्नी. डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली. १९५६ सालची ही काळी गाडी घेऊन ते घरोघर पेशंट बघायला जायचे. मी नाटे गावाहून रत्नागिरीत शिकायला आलो तेव्हा टायफॉइड झाला होता, तेव्हा ह्याच गाडीतून माझ्या खोलीवर आले होते.

काकू टेम्पोमागून रिक्षाने आल्या. म्हणाल्या, "बाळा, पुढच्या महिन्यात सात तारखेला मी पनवेलला लेकीकडे चालल्ये. कायमची. स्टेशनापर्यंत ह्यांच्याच गाडीतून जायचंय. गाडी सुरू झाली तर देवरूखचे एक प्राध्यापक नेऊन सांभाळणार आहेत. नाही झाली तर आदल्या दिवशी, शनिवारी, भंगारवाला यायचाय. मला खोटी आशा मात्र लावू नकोस." हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. काकू हल्ली फारच हळू बोलतात, चौऱ्याऐंशी वय म्हणजे चालायचंच.

मी म्हटलं, काकू, गाडी चालली नाही तर मी मिस्त्री नाही. जरा जास्तच बोललो. ह्या वयात असं बोलायचं नसतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोष सापडला. अर्ध्या तासात. पंप.

ह्या गाडीत टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला द्यायला विजेचा पंप आहे, बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर बसवलेला. त्याची परीक्षा कानाने करायची असते. सीटवर बसून चावी फिरवायची. टक टक टक वाजला आणि मग गप्प बसला, तर सगळं ठीक, पेट्रोल पोचलं. वाजतच सुटला, तर तो पेट्रोलऐवजी हवा ओढतोय, म्हणजे मागच्या पाइपाला कुठेतरी भोक. आणि वाजलाच नाही, तर एक तर वीज येत नाही किंवा पंपच मेला.

मी चावी फिरवली. काही नाही. चिडीचूप. तारेला टेस्टरचा बल्ब लावला, लख्ख पेटला. म्हणजे वीज येतेय. इंजिनाकडचा पाइप काढून बघितला, थेंब नाही. तरी टाकीकडच्या पाइपात फुंकर मारली, ती सहज गेली, म्हणजे पाइप तुंबलेला नाही. उरला कोण? पंप. हल्लीची पोरं ह्यासाठी कॉम्प्युटर लावतात. मी बावीस वर्षं तेलाच्या टँकरवर फिटर होतो, बेअरिंग जाणार असेल तर आठवडाभर आधी सांगायचो. आम्हाला आवाजापासून वाचायला कानाला लावायचे मोठे कप दिलेले असत, ते आम्ही गळ्यात अडकवून फिरायचो. इंजिन ऐकायचं तर कान उघडे हवेत. चीफ इंजिनिअर ओरडायचा, पण अडलं की मलाच हाक मारायचा.

उद्या पंप उघडतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पंप उघडला. आतले पॉइंट, जिथे ठिणगी पडते ते, चांगले होते. तरीही पॉलिश पेपरने घासले. जोडला. चावी फिरवली. चिडीचूप.

समर्थला बोलावलं. तो आमच्याच नाट्याचा, साळवी स्टॉपला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हुशार आहे, पण तोंडातल्या तोंडात बोलतो. मी आत बसून चावी फिरवली, तो बॉनेटपाशी उभा. विचारलं, काय? तर हसतोय.

"काका, वाजतोय की! टकाटक वाजतोय. पंप बरा हाय तुमचा. मागना हवा घेत आसंल."

मला आधी वाटलं थट्टा करतोय. मी कान देऊन ऐकलं. काही नाही. म्हटलं, समर्थ, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. तो म्हणाला, "आवो खोटां कशाला बोलू? पंप काढून सरळ पेट्रोलच्या बाटलीत नळी घालून बघूया. दोन मिंटात कळंल."

इथे माझं डोकं फिरलं. पेट्रोलची उघडी बाटली, आणि तिच्या वीतभर अंतरावर ठिणगी पाडणारा पंप! टँकरवर असं करणाऱ्याला पुढच्या बंदरात उतरवलं असतं. जहाजावरचा आमचा बाबल्या एकदा चालू मोटरला हात घालायला गेला, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तेव्हापासून माझा नियम आहे: चालू करंटवर यंत्राला बोट लावायचं नाही. आधी बॅटरीची तार काढायची, मग हात. हे मी समर्थला सांगितलं. जरा मोठ्यानेच सांगितलं असेल. तो म्हणाला, "वराडू नका काका, मी बाजूलाच हाय," आणि हत्यारं उचलून गेला.

जाऊ दे. त्याच्या वयात मीही शहाणा होतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पंप दुसऱ्यांदा उघडला. तार बदलली, अर्थिंगची जागा खरवडून नवा बोल्ट घातला. चिडीचूप.

ह्या वर्षी सगळंच चिडीचूप आहे म्हणा. शेडमागे रातकिडे इतके असायचे की संध्याकाळी बोलणं नकोसं व्हायचं. औषधं मारून मारून लोकांनी तेही संपवले. सावित्रीला म्हटलं, तर माझ्याकडे बघत राहिली आणि मग चहा टाकायला गेली. तिचं हल्ली असंच आहे, एक तर गप्प, नाही तर ओरडून. लग्नाला अडतीस वर्षं झाली की बायकांचा आवाज चढतो, हे जहाजावर सगळे म्हणायचे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वाईट दिवस.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सावित्री घट मांडून शेजारी हळदीकुंकवाला गेली. जाताना कुकरच्या तीन शिट्या झाल्या की बंद कर म्हणाली. मी ओट्याजवळच पंपाचा नकाशा बघत बसलो होतो. शिटी झालीच नाही. करपल्याचा वास आला तेव्हा उठलो. ती आली आणि सुरू झाली.

"सात शिट्या झाल्या! मी शेजारच्या अंगणात ऐकल्या, आन् तुमी हितां बसून! डॉक्टरकडे चला म्हनून दोन वर्सां सांगत्ये."

मी म्हटलं, शिटी बदलून घे, तिचं रबर गेलंय. ती रडायला लागली. करपलेल्या डाळीसाठी एवढं रडायचं काय कारण, मला खरंच समजलं नाही. उपास असला की तिचं मन हळवं होतं.

त्या रागातच शेडमध्ये आलो आणि तिसऱ्यांदा पंप उघडला. ह्या वेळी आतला पडदा काढायचा ठरवलं, कारण आता तोच एक बघायचा राहिला होता. रबरी कापडाचा गोल पडदा असतो, तो आत-बाहेर हलला की पेट्रोल खेचलं जातं. सत्तर वर्षांचा पडदा. अंगठ्याने हळूच फिरवला आणि तो काठाजवळ फाटला. कागद फाटावा तसा. मी तो हातात धरून स्टुलावर बसून राहिलो. डॉक्टरांचा पंप. इतकी वर्षं चालला तो, निदान कधीतरी चालला होता. आता माझ्या हातून संपला.

काकूंना सांगितलं नाही. भित्रेपणा आहे हा, दुसरं काही नाही.

१ डिसेंबर, सोमवार

कोल्हापूरच्या एका जुन्या सामानवाल्याकडून तसाच पंप मागवला होता, तो आज आला. फोनवर तीनदा पत्ता विचारावा लागला, हे फोन आता काही कामाचे राहिले नाहीत. पंप नवाकोरा, रंगही न उडालेला. बसवला. बॅटरी जोडली. सीटवर बसलो. चावीला हात लावण्याआधी आमच्या नाट्याच्या देवाचं नाव घेतलं. एवढं मी जहाजावर वादळातही घेतलं नव्हतं.

चावी फिरवली.

काही नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

सामानवाल्याला फोन करून वाट्टेल ते बोललो. मेलेला पंप पाठवतोस? लाज वाटत नाही? तो काहीतरी पुटपुटत होता, चोराला मोठ्याने बोलवत नाही. परत पाठव एवढं समजलं. शनिवारी काढून पाठवेन.

एक पंप मेलेला असू शकतो. दोन? मनात आलं, दोष पंपात नसेल तर? पण मग बाकी काय उरतं? वीज आहे, अर्थिंग आहे, आणि तरी आवाज नाही. तीच तीच वाट चालून मी तिथेच येतोय. रात्री झोप नाही. हात टेकले, असं आयुष्यात प्रथमच लिहितोय.

४ डिसेंबर, गुरुवार

काकूंकडे गेलो. सामान बांधलेलं, भिंतीवरच्या तसबिरी काढून त्यांच्या जागी पांढरे चौकोन. मी उभ्या उभ्याच सांगितलं, काकू, होणार नाही. जुना पंप माझ्या हातून फाटला, नवा मेलेला निघाला, दुसरा शोधायला वेळ नाही.

त्यांनी मला बसवलं, खोबऱ्याची वडी दिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तू प्रयत्न केलास ना? पुरे झालं." मग फोन उचलून माझ्यादेखत प्राध्यापकांना नको म्हणून सांगितलं आणि भंगारवाल्याला शनिवारी दुपारी ये म्हणून. इतक्या शांतपणे की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

सहासष्ट वर्षांचा माणूस मी, घरी येईपर्यंत रस्त्यावर डोळे पुसत आलो. शेड बंद करावी. ज्याला एक साधा पंप समजत नाही त्याने मिस्त्री म्हणून पाटी कशाला लावायची?

६ डिसेंबर, शनिवार

जे झालं ते झालं तसंच लिहितो.

सकाळी पंप काढायला गेलो. जाता जाता शेवटचा एकदा बघितला, चावी, काही नाही. चावी बंद केली, पण ती तशीच खोचलेली राहिली, आणि बॅटरीची तार काढायला पाना शोधत होतो तेवढ्यात काकू आल्या. रिक्षा बाहेर थांबवली होती. गाडीच्या खणात डॉक्टरांचा चष्मा राहिला होता, तो हवा होता त्यांना. मी म्हटलं घ्या. बॉनेट वर उघडलेलं असल्यामुळे मला त्या दिसत नव्हत्या. मी वाकून पाना शोधत होतो, आणि कमर दुखते म्हणून आधाराला डावा हात मागच्या पत्र्यावर टेकला. पत्र्यावर नव्हे, पंपावरच.

आणि पंप हलला.

हाताखाली काहीतरी उडत होतं. टिचक्या माराव्यात तसं, भराभर. मी हात मागे घेतला. शॉक बसला असं वाटलं. ओरडलो, "करंट कोणी दिला?"

काकू खिडकीतून डोकावल्या. त्या डॉक्टरांच्या जागेवर बसल्या होत्या, चष्मा हातात. "अरे, सवयीने फिरवली. पण वाजतोय की रे हा! अगदी तस्साच. ह्यांनी चावी फिरवली की मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं, मग मी पदर सारखा करून बाहेर यायची."

"काय वाजतंय, काकू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एक बोट दाराच्या पत्र्यावर आपटून दाखवलं. टक टक टक टक. त्यांचं बोट हलताना दिसत होतं. मला बोटाचाही आवाज येत नव्हता.

मी नियम मोडला. चालू करंटवर पंपावर तळहात ठेवला. उडतोय. काकूंना म्हटलं बंद करा. थांबला. सुरू करा. उडतोय. तीनदा केलं. पंप वाजत होता आणि थांबत नव्हता, म्हणजे हवा ओढत होता. समर्थने पंधरा दिवसांपूर्वी हेच सांगितलं होतं. म्हणजे डॉक्टरांचा पंपही चांगला होता. पहिल्या दिवसापासून चांगला होता. तो मी मारला.

काकूंनी चावी बंद केली, खाली उतरल्या आणि माझा हात धरला. काहीतरी बोलल्या. मी हो म्हटलं. काय बोलल्या ते माहीत नाही. गेली दोन-तीन वर्षं मी असाच हो म्हणत आलोय, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं.

मग मी स्वतः साळवी स्टॉपला गेलो आणि समर्थला सांगितलं, चुकलो, चल. तो हत्यारं घेऊन आला. गाडीखाली गेला, दहा मिनिटांत बाहेर. टाकीकडून येणारा पाइप जिथे क्लिपने धरलेला आहे, तिथे खाऱ्या हवेने गंजून सुईएवढं भोक. त्याने नवा तुकडा घातला. एवढंच काम होतं. भंगारवाला आला तेव्हा इंजिन चालू होतं. त्याची घरघर मला ऐकू आली, जाड आवाज येतात अजून. भंगारवाला हसत परत गेला. मला हसू आलं नाही.

घरी येऊन सावित्रीला म्हटलं, मला ऐकू येत नाही गं. ती म्हणाली, "ठाव हाय." माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली. मग दोघं पायरीवर बसून राहिलो.

७ डिसेंबर, रविवार

काकू मॉरिसमधून स्टेशनला गेल्या. समर्थने चालवली. मला मागे बसवलं. थिबा राजवाड्याच्या उतारावर काकूंनी मागे वळून काहीतरी विचारलं, मी म्हटलं, काकू, ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने विचारलं: "तू ठीक आहेस ना?" मी नाही म्हटलं. खरं बोलल्यावर बरं वाटतं म्हणतात, मला तर काही वाटलं नाही. स्टेशनवर त्यांनी गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि आत गेल्या. काकूंनी काल पुन्हा फोन केला होता, म्हणून प्राध्यापक देवरूखहून गाडी न्यायला आले होते. डॉक्टरांचा फाटका पंप मी त्यांच्याकडे दिला आणि तो कोणी फाडला ते सांगितलं.

गाडी वाचली, काकू तिच्यातून गेल्या. सगळे मला शाबासकी देत होते. पण काल पायरीवर बसल्यापासून माझ्या डोक्यात दुसरंच चाललंय.

दुपारी कामाची वही काढली. गेल्या दोन वर्षांत ज्या गाड्या मी फक्त चालवून, ऐकून, "काही नाही, जा" म्हणून सोडल्या, त्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहिली. ब्रेक घासतात का, चाकाचं बेअरिंग वाजतं का, स्टिअरिंग खडखडतं का, हे सगळं मी कानाने ठरवलं होतं. एकतीस गाड्या निघाल्या. मला वाटत होतं की माझ्यामुळे एक पंप गेला. एकतीस घरं निघाली.

समर्थ म्हणाला, तो एकेक करून सगळ्या बघेल. पण आधी त्यांना कळवायला हवं. मला फोनवर कळत नाही, म्हणून सावित्रीने फोन लावायचे आणि मी शेजारी बसून तिच्या तोंडाकडे बघायचं. ती सगळ्यांना तेच सांगत होती: "ह्यांच्यानी गाडी नीट तपासली नाय, पुन्हा दाखवा." कोणी रागावला असेल तर तिने मला सांगितलं नाही.

अकरावं नाव धाकूचं. देवरूखच्या वरच्या अंगाला त्याचं गाव, जीपमधून शाळेची मुलं नेतो-आणतो. वहीत माझ्या अक्षरात आहे: "पुढचं डावं चाक वाजतं म्हणाला. चालवून बघितलं. आवाज नाही. पाठवला." तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

सावित्री बोलता बोलता थांबली. फोन कानावर तसाच. मी विचारलं, काय? तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन सांगितलं.

"तो बोलतोय, वाजतां अजून, पयल्यापेक्षा जास्तच. पन मिस्त्रींनी बघितल्यान, कायच नाय बोलले, म्हनून मी घोर करत नाय. उद्या सकाळी सातला पोरां घेऊन निघायचाय तो."

तिला म्हटलं, सांग त्याला, जीप हलवू नकोस. ती मान हलवत राहिली. म्हणाली, "माझा ऐकत नाय तो. बायको काय सांगते म्हनंल. तुमीच बोला. तुमच्यावर भरोसा हाय त्याचा."

मी फोन घेतला. कानाला लावला, उगाच, सवयीने. म्हटलं, धाकू, मी बाळा मिस्त्री. तुझं चाक वाजतंय ते खरं आहे. मला ऐकू येत नाही, बाबा. मला तेव्हाही येत नव्हतं. उद्या जीप काढू नको. समर्थ येईल, त्याने बघितल्याशिवाय एकही पोर आत बसवू नको.

पलीकडे काहीच नव्हतं. तो बोलत असेल, किंवा नसेल. सावित्रीकडे फोन द्यायचं मला सुचलं नाही. मी तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि मग आणखी एकदा, मोठ्याने, कारण तो हो म्हणाला की नाही हे मला कळत नव्हतं.